वारा नसलेला शनिवार

“दार लावून घे,” हॅलोरन म्हणाला आणि आर्वोला पुढचे सगळे कळले. या क्लबात चांगली बातमी उघड्या दारानेच सांगायची पद्धत होती.

दार लावून तो उभाच राहिला. कोचच्या त्या खोलीत सहा फूट चार इंचांच्या माणसाने कुठे आणि कसे बसावे, हा प्रश्न दोन वर्षांत सुटलेला नव्हता.

“शनिवारची मॅच तुला देतो म्हटलं होतं मी,” हॅलोरन टेबलावरच्या कागदांकडे बघत म्हणाला. “पण आज सकाळी डेस येऊन गेला. म्हणतो, बस झालं, हा सीझन शेवटचा. म्हणजे घरच्या मैदानावरची ही त्याची शेवटची मॅच. एकवीस वर्षं गोलात उभा राहिलेला माणूस, त्याला काय बाकावर बसवून निरोप देऊ? तूच सांग.”

“नाही,” आर्वो म्हणाला. दुसरे उत्तर नव्हतेच.

“तुझ्या वडिलांना बोलावलं होतंस ना रे?”

“निघालेत ते. उद्या पोचतील.”

“हं.” हॅलोरनने एक कागद उचलून पुन्हा तिथेच ठेवला. “येऊ देत की. बंदर बघतील, गाव बघतील.”

फुटबॉलमध्ये बाकीच्या दहा जागांवर माणसे बदलत राहतात. कुणी दमतो, कुणी लंगडतो, कुणाचा दिवस वाईट जातो, आणि बाकावरचा कुणीतरी आत जातो. गोलरक्षकाचे तसे नसते. तो धडधाकट असेपर्यंत दुसऱ्याला आत जागा नाही. त्यामुळे राखीव गोली ज्या एका गोष्टीची वाट पाहत असतो, ती त्याला तोंडाने मागता येत नाही, मनातसुद्धा नाही. आर्वो कोस्केला बावीस वर्षांचा होता. सेंट जॉन्सच्या या क्लबात दोन हंगाम, एक्कावन्न सामने, आणि एक्कावन्नही वेळा तो जाड कोट घालून बाकावर बसला होता. ऑक्टोबरअखेर त्याचा करार संपत होता. एकही सामना न खेळलेल्या गोलीला दुसरा क्लब कशाच्या भरवशावर बोलावणार?

त्याचे गाव थंडर बे, सरोवराकाठचे. तिथे मूल चालायला लागले की बर्फावरच्या हॉकीला घालतात. आर्वोला चेंडू आवडला, आणि तो इतरांपेक्षा वीतभर उंच म्हणून त्याला गोलात उभे केले. पंधराव्या वर्षी तो टोरांटोला शिकायला गेला आणि परक्या घरात परक्या ताटांवर जेवून मोठा झाला. फोनवर वडील दर रविवारी एकच विचारत, “खेळवलं का?” आणि तो म्हणे, “अजून नाही, बाबा.” मागच्या रविवारी पहिल्यांदाच तो म्हणाला होता, “शनिवारी खेळवणार आहेत.” मग वडील म्हणाले, “येतो मी.” आजोबांच्या अंत्ययात्रेखेरीज हा माणूस कधी विमानात बसला नव्हता.

डेस टिझार्डला सगळे ‘तांडेल’ म्हणत. या बंदरावर मानाच्या माणसाला तेच म्हणतात, मग त्याची होडी असो वा नसो. डेस अडतीस वर्षांचा. कपाळ मागे सरकलेले, गुडघ्यांना पट्ट्या, तोंड सतत चालू. क्लब लहान, गोलींना वेगळा कोच नाही. आर्वोला जे काही शिकवले ते त्यानेच. आर्वो मैदानात आला की तो लांबूनच ओरडे, “अरे, हातमोजे इस्त्री करून आणलेस काय? लग्नाला निघाल्यासारखे पांढरे आहेत!” पण शिकवताना त्याच्यासारखा सबुरीचा माणूस नाही. तीच उडी चाळीस वेळा करून दाखवील.

सामन्याआधी राखीव गोलीने मुख्य गोलीचे हात तापवून द्यायचे असतात. आधी जमिनीलगतचे चेंडू, मग डोक्यावरून येणारे, मग सहा पावलांवरून धडाधड. आणि अखेरीस एक चेंडू, अगदी हळू, छातीच्या उंचीचा, लहान पोरानेही झेलावा असा. तो झेलायचा, छातीशी धरायचा आणि आत जायचे.

“हा कशाला, तांडेल?” पहिल्याच दिवशी आर्वोने विचारले होते. “हा तर कुणीही धरील.”

“म्हणूनच. मॅचमध्ये हातांना काय काय बघायला लागणारे, कोण जाणे. आत जाताना त्यांना शेवटची आठवण धरलेल्या चेंडूची असावी. बाकीचे सगळे तू मला मारतोस, लेका. हा एक तू मला देतोस.”

एक्कावन्न वेळा आर्वोने तो दिला होता. डेस त्या चेंडूसाठी आता तयारीही करत नसे. हात नुसते पुढे धरी, भाकरी घ्यायला धरावेत तसे.

सेंट जॉन्समध्ये वारा नसलेले दिवस वर्षातून दोन-तीन. तो शनिवार त्यांतला एक होता. मैदानाच्या चारही कोपऱ्यांतले झेंडे काठ्यांना चिकटून लोंबत होते आणि लोक एकमेकांना त्याचेच नवल सांगत जागेवर बसत होते. पहिल्या रांगेत डेसच्या दोन मुली एक लांबलचक फलक सावरत होत्या. त्यावर निळ्या रंगात आपल्या बापाचे नाव त्यांनी रंगवले होते आणि शेवटची दोन अक्षरे जागा न पुरल्यामुळे एकमेकांवर चढली होती.

त्यांच्या मागे चार रांगांवर आर्वोचा बाप, रेयो कोस्केला, बसला होता. ठेवणीतला कोट, मांडीवर खोका. गावाकडचे गुलाबी साखर फासलेले पाव त्यात होते. दोन विमाने बदलून त्याने ते आडवे होऊ न देता आणले होते. आपण खेळणार नसल्याचे आदल्या संध्याकाळी आर्वोने त्याला विमानतळावरच सांगून टाकले होते. “बरं,” एवढेच रेयो म्हणाला होता, आणि मोटारीत खोका मांडीवर धरून बसला होता.

जमिनीलगतचे झाले. उंचावरचे झाले. सहा पावलांवरचे झाले. डेस आज रंगात होता. “ये, ये, अजून मार! म्हातारा झालोय, मेलो नाही!”

“शेवटचा,” आर्वो म्हणाला आणि चेंडू जमिनीवर ठेवला.

डेसने हात पुढे धरले आणि मान जराशी मुलींकडे वळवली. आर्वोनेही मान वर केली. त्याला वडिलांची मांडी दिसली, तिच्यावरचा खोका दिसला आणि त्यावर देवळात ठेवावेत तसे ठेवलेले दोन हात दिसले. पाय आपोआप मागे गेला.

लाथेच्या आवाजावरूनच त्याला कळले, चेंडू जोरात गेला होता. द्यायच्या चेंडूला आवाज नसतो.

डेस खाली वाकला. उजव्या हाताची दोन बोटे भलत्याच दिशेला वळली होती. डॉक्टर धावले, हॅलोरन धावला, आणि जागेवर बसलेले पाच हजार लोक एकदम उभे राहिले.

“काय झालं? काय झालं?” हॅलोरन विचारत होता.

डेसने मान वर केली. चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने आर्वोकडे पाहिले, पुरते पाहिले. मग कोचला म्हणाला, “वाऱ्यानं वळला चेंडू.”

हॅलोरनची नजर कोपऱ्यातल्या झेंड्याकडे गेली आणि परत आली. कप्तानाचीही गेली. झेंडा लोंबत होता.

“हातमोजे घाल,” हॅलोरन आर्वोला म्हणाला. “तू खेळतोयस.”

हातमोजे त्याने घातलेलेच होते. पण त्याला शेवटचा चेंडू द्यायला आता कोणी नव्हते. तसाच तो आत गेला.

त्या नव्वद मिनिटांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. आर्वो चांगला खेळला. अर्ध्या तासाला त्याने खालच्या कोपऱ्यात जाणारा एक चेंडू बोटांच्या टोकांनी बाहेर काढला. उत्तरार्धात कॉर्नरवर गर्दीत घुसून दोन वेळा चेंडू झेलला. आपल्या बचावाच्या खेळाडूंना त्याने हाका मारल्या, त्यांनी त्या ऐकल्या, पण एरवी डेसच्या पाठीवर थापा मारणारे ते हात त्याच्या पाठीपर्यंत आले नाहीत. गोलात माणूस तसाही एकटाच असतो. चेंडू पलीकडे असताना तो दोन खांबांच्या मधे चालत राही आणि मागच्या प्रेक्षकांचे गाणे ऐके. गाणे डेसच्या नावाचे होते. क्लब एक-शून्यने जिंकला.

सामना संपल्यावर डेस इस्पितळातून परत आला. हात पांढऱ्या पट्ट्यांत, दोन बाजूंना दोन मुली. त्याने मैदानाला फेरी मारली आणि डाव्या हाताने सगळ्यांचा निरोप घेतला. या हाताने निरोप घ्यायची त्याला सवय नव्हती. ते लांबूनही दिसत होते.

आर्वो कठड्यापाशी गेला. रेयो खाली उतरून आला होता. तो धान्याच्या कोठारात कामाला होता. तीस वर्षे त्याने सरकत्या पट्ट्यांवरून वाहणाऱ्या गव्हाकडे पाहण्यात घालवली होती. पट्टा बोटभर जरी सरकला तरी त्याच्या लक्षात येई.

“खेळवलं,” रेयो म्हणाला.

“हो, बाबा.”

“चांगलं खेळलास.” मग थोडा वेळ तो खोक्याची दोरी उगाच घट्ट करत राहिला. “तो शेवटचा मारताना तू माझ्याकडे बघत होतास.”

आर्वोची नजर डेसकडे गेली.

“हे त्याला दे,” रेयो म्हणाला आणि खोका कठड्यावरून पुढे केला. “तुझ्यासाठी आणले होते. त्याला दे.”

कपडे बदलायच्या खोलीत डेस एकटाच होता. बाकीचे आंघोळी करून निघून गेले होते. तो डाव्या हाताने आपले हातमोजे पिशवीत कोंबायचा प्रयत्न करत होता. आज त्याचेच हातमोजे पांढरेशुभ्र होते. आर्वोच्या हातमोज्यांवर गवताचे हिरवे डाग पडले होते.

आर्वोने खोका बाकावर ठेवला. “बाबांनी दिलेत. पाव आहेत.”

“गुलाबी?” डेसने झाकण उचलून पाहिले. “तुमच्याकडे पावालासुद्धा लिपस्टिक लावतात होय?” एक उचलून त्याने खाल्ला. कोपऱ्यातला नळ ठिबकत होता.

“तांडेल, आज वारा नव्हता.”

“मला वारा शिकवतोस?” डेस चावत म्हणाला. “या बंदरात जन्मलोय मी.”

“मग तसं का म्हणालात?”

“तुला आत उभं राहायचं होतं म्हणून. दुसरा गोली होता का कोणी? गोलात अपराधी माणूस उभा केला तर सगळी टीम बुडते. आणि मला हरून जायचं नव्हतं.” त्याने हात पँटला पुसला. “तू विचारत नाहीस, पण सांगतो. राग आलाय मला. पोरी महिनाभर जमिनीवर बसून तो फलक रंगवत होत्या.”

“मला माफ—”

“आज माफी नको मागूस,” डेस हळूच म्हणाला, उडी शिकवताना बोले त्याच आवाजात. “आज मागितलीस तर मी देऊन टाकीन, आणि ती खरी नसेल. घरी जा. बाप आलाय, त्याला जेवायला घाल.”

पिशवीची चेन एका हाताने लागत नव्हती. आर्वो पुढे झाला. डेसने पिशवी तशीच उघडी खांद्यावर टाकली आणि तो दारातून बाहेर पडला.

नोव्हेंबरात हॅलोरनने आर्वोला बोलावले. या वेळी दार उघडे होते. दोन वर्षांचा करार, मुख्य गोली म्हणून. डेसने शाळेत मुलांना खेळ शिकवायचे काम धरले, असे आर्वोच्या कानावर आले. त्याची दोन्ही बोटे पुन्हा सरळ झाली नाहीत, हेही आले. पहिल्या रांगेतल्या, क्लबाने त्याच्यासाठी आणि मुलींसाठी राखून ठेवलेल्या तीन खुर्च्यांवर अजून तरी कोणी बसत नाही.

आता सामन्याआधी दुसरा कोणी आर्वोचे हात तापवून देतो. जमिनीलगतचे, उंचावरचे, सहा पावलांवरचे. अखेरीस तो एक हळू चेंडू येतो. हात पुढे करण्याआधी आर्वो कोपऱ्यातल्या झेंड्याकडे पाहतो. बहुतेक दिवस झेंडा फडफडत असतो, चेंडू थोडासा वळतोही, आणि आर्वो तो धरून आत जातो. वर्षातून दोन-तीन वेळा मात्र झेंडा काठीला चिकटून लोंबत असतो. त्या दिवशी चेंडू सरळ हातांत येतो, आणि पंचाने शिट्टी वाजवून बोलवेपर्यंत आर्वो तो छातीशी धरून उभा राहतो.