ग्लेनिसचा घसा

चेन्नईत जुन्या इंग्रजी गाण्यांचे कार्यक्रम भरवणं हा माझा धंदा. यंदा मी वेल्समधून ग्लेनिसला आणलं. सत्तरीची बाई, केस पिवळेधमक आणि आवाज असा खरखरीत की अंगावर काटा यावा. त्या खरखरीवरच तिचं नाव उभं होतं. हॉटेलच्या एसीत घसा कोरडा पडतो म्हणाली, म्हणून तिला मैलापूरला आमच्या घरीच उतरवलं. इथेच मी शेण खाल्लं.

माझ्या सासूबाई, महालक्ष्मी, तंजावरच्या मराठी. घरात कुणी नुसतं खाकरलं तरी त्यांचा कषायम, म्हणजे औषधी काढा, उकळायला लागतो. ग्लेनिस "हॅलो" म्हणाली मात्र, त्या कळवळल्या. "ऐयो, कंठ किती बसलाय गे हिचा! आणि हिला गायला लावणार तू?"

तिचा आवाज तसाच आहे, हे सांगून मी थकले. माझी पाठ वळली की मिरी-सुंठीचा काढा, वाफारे आणि वर सक्त मौन. ग्लेनिसही लाडावली. इतकं कौतुक तिचं आईनंतर कुणी केलं नव्हतं म्हणे.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी ती मला "गुड मॉर्निंग" म्हणाली. स्वच्छ, कोवळा, गोड आवाज! मी कपाळाला हात लावला. सासूबाईंचा चेहरा मात्र नुसता फुलला होता.

"अहो, लोकांनी खरखरीसाठी तिकिटं काढलीत!" मी किंचाळले.

ग्लेनिसने काढ्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाली, तरुणपणी ती चर्चमध्ये याच आवाजात गायची. घशाचं ऑपरेशन झालं, बोलायची बंदी आली, आणि कशावरून तरी चिडून ही एकदाच जोरात ओरडली. खरखर तेव्हापासूनची. "हा आवाज कायमचा गेला असंच मी धरून चालले होते."

तिने सासूबाईंचा हात धरला आणि आईचं एक अंगाईगीत गायलं. वेल्श कुणाला कळतंय, पण मलाही भरून आलं. मी रेकॉर्ड करायला मोबाइल काढला, तर तिने नकारार्थी मान हलवली. गाणं संपल्यावर विचारलं, "ओरडायला जागा कुठे आहे?"

"नको गे, परत येणार नाही हा आवाज!" सासूबाई जिन्यात आडव्या उभ्या राहिल्या. ग्लेनिसने त्यांचा गालगुच्चा घेतला आणि गच्चीवर गेली. अशी काही किंकाळी फोडली की शेजारचे चंद्रमौळी काका धोतर सावरत रस्त्यावर आले.

संध्याकाळी तिची पहिली खरखरीत ओळ आली आणि अख्खं सभागृह उठून उभं राहिलं. माझा जीव भांड्यात पडला. बाजूला पाहिलं तर सासूबाई पदराने डोळे पुसत होत्या.

"आता काय झालं? बघा ना, केवढ्या टाळ्या!"

"हिला मिळाल्या," त्या म्हणाल्या. "सकाळी जी गायली, तिला वाजवायच्या राहूनच गेल्या गे."