नवव्या नियमाखालच्या सह्या

२००९ साली पद्मजाताईंनी मला तळेगावच्या बाजारातून आणले. मित्रांनो, मी एक जुनी, लाल कापडी पाठीची वही आहे.

ताईंच्या छोट्या कार्यालयात फुलांच्या पॉलिहाउससाठी यंत्रे बनत. फवारा केव्हा सोडायचा, केव्हा थांबवायचा, हे यंत्राला सी या संगणकाच्या भाषेत सांगावे लागे. नेहमी लागणारी अशी कामे एकदाच लिहून ठेवलेली असत. त्या साठ्याला सगळे लायब्ररी म्हणत. लिहिणारे अनेक असले तरी लिखाण एका हातचे वाटावे, म्हणून नियम माझ्यात उतरले. आतली ओळ चार जागा सोडून सुरू करावी. एकट्या ओळीलाही महिरपी कंस घालावा. प्रत्येक नियमाखाली ताई त्याचे कारण लिहीत. नवे माणूस आले की पहिला दिवस माझ्याबरोबर घालवी. चहाच्या डागांनी माझे कोपरे पिवळे पडले, आणि त्याचाही मला अभिमान वाटे.

पुढे ताई निवृत्त होऊन लोणावळ्याला गेल्या. त्यांच्या जागी अर्णव आला. हुशार, पण घाईचा. "केवढी लांब नावं! आगगाडी आहे का ही?" असे म्हणत त्याने लायब्ररीत फवारा थांबण्याच्या वेळेला दिलेल्या नावामागचा 'मिनिटे' हा शब्द काढून टाकला. मी डुगडुगणाऱ्या प्रिंटरच्या पायाखाली गेले.

एप्रिलात टाकवे बुद्रुकच्या रतनबाईंचा फोन आला. अर्णवने बसवलेल्या यंत्रावर त्यांची गुलाबाची ही पहिलीच लागवड. कळ्या लग्नसराईत विकायच्या होत्या.

"आवं साहेब, फुलांना पाणी पाजायचं का पोहायला शिकवायचं? फवारा थांबतच न्हाई! कळ्या कुजाया लागल्या."

"मावशी, आधी हातानं कॉक बंद करा."

"त्यो कवाच केला. पर दुपारी सोडावाच लागंल, न्हाईतर करपत्याल."

अर्णवला चूक सापडेना. त्याने ताईंना फोन लावला. त्यांनी एवढेच विचारले, "वही कुठंय?"

वाकून त्याने मला बाहेर काढले, धूळ पुसली. नववा नियम होता: वेळेच्या नावामागे सेकंद की मिनिटे ते लिहावे. खाली कारण: 'वीस सेकंदांऐवजी वीस मिनिटे फवारा चालला. दत्तोबांची जरबेराची अख्खी रांग गेली. चूक माझी. पद्मजा.'

अर्णवनेही सेकंद समजून वीसच लिहिले होते; यंत्र मात्र ती वीस मिनिटे मोजत होते.

दुपारच्या आत दुरुस्ती घेऊन तो टाकव्याला पोचला. रतनबाई घड्याळ धरून उभ्या राहिल्या. विसाव्या सेकंदाला फवारा थांबला. "आता शाना झाला बगा!" त्या हसल्या. एक रांग गेली, बाकीची बाग वाचली. परत येऊन अर्णवने ताईंच्या सहीखाली लिहिले, 'पुन्हा तीच चूक. अर्णव.'

रतनबाईंनी आता दुसरे पॉलिहाउस उभारले आहे; घड्याळ मात्र अजून हातात धरतात. जरबेरावाले दत्तोबा शेती लेकीवर सोपवून निवांत बसतात. प्रिंटर भंगारात गेला. पद्मजाताई गेल्या वर्षी वारल्या. अर्णव नव्या मुलांना आधी नववा नियम उघडून देतो आणि आपल्या सहीवर बोट ठेवतो.

मित्रांनो, एखादा नियम नकोसा वाटला तर खोडण्याआधी त्याच्याखालचे कारण वाचा. आणि चूक झालीच, तर लाजू नका, लिहून ठेवा. माझी शेवटची चार पाने अजून कोरी आहेत.