यादीत नसलेला फोन

मदर इझेल्टा उपदेश बोलत नसे, गात असे. ती एक ओळ उचलायची, ती हवेत असतानाच आम्ही खालून हात दिल्यासारखी झेलायचो. चार-पाच ओळी झाल्या की बाकावरच्या माणसाला आपण मासळी विकतो की आरारूट खणतो, याचाच विसर पडायचा. आमच्या बेटावरच्या शातोबेलेर गावातल्या प्रार्थनाघराची ती मदर, म्हणजे सगळ्यांत वडील सेविका, आणि तिच्या ओळीला पहिलं उत्तर माझं. बावीस वर्षं ते मी देत आले. देवानं मला रूप दिलं नाही, शिक्षण दिलं नाही, पण ही एक जागा दिली, आणि तिच्याबद्दल मी रोज त्याचे आभार मानते.

दोन वर्षांपूर्वी मदर अंगणात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. डोंगरावरच्या घरातून तिला खाली आणायचं म्हणजे चार माणसं आणि खुर्ची, आणि वाटेत तिच्या कळा. तेव्हा आमच्यातल्या कॅलिस्टसनं, जो विजेची कामं करतो, प्रार्थनाघरातला तारेचा जुना टेबलफोन कर्ण्याला जोडून दिला. दर रविवारी दहा वाजता मदर अंथरुणातून आपल्या मोबाइलवरून फोन लावायची आणि तिचा आवाज कर्ण्यातून यायचा. आम्ही उत्तर दिलं की ते तिला तिकडे ऐकू जायचं. पहिल्या दिवशी तर लोक रडले. "हाड मोडलं, गळा नाही मोडला," असं ती स्वतःच म्हणाली होती.

आताचा मोबाइल तिच्या लेकीनं पाठवलेला, ऑडेलनं, ब्रुकलिनहून. परदेशातली माणसं सामान भरून घरी जी पिंपं पाठवतात, तसल्या गेल्या नाताळच्या पिंपात तांदूळ, साबण आणि मोज्यांच्या मध्ये गुंडाळून आलेला, सोनेरी पाठीचा, कोरा करकरीत.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी दहा वाजले आणि टेबलफोन वाजला नाही. सव्वादहा झाले. आम्ही एक गाणं म्हटलं, मग आणखी एक. शेवटी मदरच्या खालोखाल मान असलेला लीडर थेरॉन उभा राहिला आणि त्यानं आपला उपदेश केला. थेरॉन माणूस वाईट नाही, पण तो गात नाही, समजावतो.

प्रार्थना संपल्याबरोबर मी डोंगर चढले. मदर पलंगावर बसली होती, मोबाइल मांडीवर.

"मदर, काय झालं? आम्ही वाट पाहिली."

"लावला होता. सात वेळा लावला." तिनं मला पडदा दाखवला. रेंजच्या चारही काड्या उभ्या होत्या. "हे बघ, ऑडेलचा लेखी निरोप आत्ता आला. आई, तुझा फोन का लागत नाही, म्हणते. तिचे शब्द माझ्यापर्यंत येतात. मी बटण दाबलं की म्हणतं, कॉल झाला नाही. आत येतंय, वेल्डा, पण बाहेर जात नाही."

"बिघडला असेल."

"पाच महिन्यांत? आणि आवाज तेवढाच बिघडला?" ती माझ्याकडे बघत राहिली. "याचा अर्थ लावायला विद्वान लागत नाही, पोरी."

आमच्यात खुणा वाचायची रीत आहे. वारा नसताना मेणबत्ती विझली, तर कुणासाठी विझली हे आम्ही विचारतो. आणि देवानं एखाद्याचं तोंड बांधलं, तर ते दुसऱ्यानं सोडायचं नसतं. तरीही मी माझा फोन पुढे केला. माझा साधा बटणांचा, फोन कंपनीच्याच दुकानातून घेतलेला, धडधाकट चालणारा.

"तुझ्या फोनवरून बोलले तर देवाला वळसा घालून गेल्यासारखं होईल," ती म्हणाली. "राहू दे."

दुसऱ्या रविवारीही तेच. थेरॉननं सगळ्यांसमोर सांगितलं, "मदरनं पन्नास वर्षं सेवा केली. आता वरचा मालक तिला विश्रांती घे म्हणतोय. ही खूण आहे, आपण ती मानू." बाकांवरून आमेन आलं. माझंही आलं. हे सांगायला जड जातं, पण आलं.

मदरनं प्रार्थना चालवताना वाजवायची आपली घंटा थेरॉनकडे पाठवून दिली आणि ती पाप शोधायला लागली. एक्याऐंशी वर्षांची बाई. तरुणपणी एका शेळीवरून नणंदेशी भांडली होती, तिला बोलावून क्षमा मागितली. नणंद म्हणाली, "कुठली शेळी?" तिला आठवतही नव्हतं. पोस्टमास्तरला एकदा घालूनपाडून बोलली होती, तो मेलाय, तर त्याच्या मुलाची क्षमा मागितली. मी नीरफणस भाजून नेला, तो तसाच राहिला. "एवढ्यानं तोंड बांधत नाहीत, वेल्डा. काहीतरी मोठं असणार, मला सापडत नाहीये," ती म्हणाली. गाणं तर सोडाच, जेवणापूर्वीची प्रार्थनाही ती मनात म्हणायला लागली.

तिसरा रविवारही तसाच गेला.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी नेहमीसारखी राजधानीत, किंग्सटाउनच्या बाजारात अळकुड्या आणि तुरीच्या शेंगा घेऊन बसले होते. शेजारची उर्सलिन मोबाइल तळहातावर आपटत होती.

"काय गं, त्याला का मारतेस?"

"मारू नको तर काय, पापी घेऊ? भावानं टोरोंटोहून पाठवलाय. निरोप येतात, काड्या उभ्या आणि फोन मात्र लावता येत नाही. तीन आठवडे झाले."

मी तो हातात घेतला. तीच सोनेरी पाठ, तोच कोपऱ्यातला कॅमेऱ्याचा गोल डोळा. माझ्या हातातली तुरीची शेंग खाली पडली. कारण उर्सलिनला मी वीस वर्षं ओळखते. देवाला हिचं तोंड बांधायचं असतं, तर त्यानं ते फार पूर्वीच बांधलं असतं.

"ऊठ," मी म्हटलं. "कंपनीत चल."

"आणि माल?"

"मालाला पाय नाहीत."

कंपनीच्या कचेरीत हवा गार आणि खिडकीवरची मुलगी त्याहून गार. तिनं फोन उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाली, "हा खराब आहे, मॅडम. नवीन घ्यावा लागेल." नखानं तिनं काचेच्या कपाटाकडे दाखवलं.

"खराब फोनवर निरोप येतात होय?" उर्सलिन म्हणाली.

"जुना झाला असेल."

"माझ्या नातवापेक्षा लहान आहे, आणि नातू अजून रांगतोय."

मागे रांग होती. रांगेतला एक म्हातारा कोळी पुढे सरकला आणि त्यानं आपला फोन खिडकीवर ठेवला. "माझाही तसाच. मुलानं बोस्टनहून पाठवलाय. मी तर तो पाण्यात पडला म्हणून उन्हात वाळवतोय."

मग आणखी एकीनं काढला. पिंपांतून आलेले फोन, एकेक करून सगळ्यांच्या पिशव्यांतून बाहेर आले. प्रत्येकाला वाटत होतं की हे फक्त आपल्यालाच झालंय.

कोपऱ्यात छपाईयंत्र उघडून बसलेला एक चष्मेवाला कारागीर आमच्याकडे बघत होता. तो उठून आला. छातीवर नाव होतं, ऑस्रिक.

"फोन खराब नाहीत," तो हळू आवाजात म्हणाला.

"ऑस्रिक," मुलीनं दटावलं.

"नाहीत तर नाहीत." त्यानं मला बाजूला घेतलं. "ताई, मेच्या सुरुवातीला आम्ही जुनं थ्री-जी बंद केलं. आधी बोलणं त्याच्यावरून जायचं. आता ते फोर-जीवरून जायला हवं. हा फोन ते करू शकतो. आमचा टॉवरही करू शकतो. पण कंपनीकडे एक यादी असते. ज्या फोनची तपासणी केली तेच तिच्यात. हा यादीत नाही, म्हणून टॉवर त्याला बोलू देत नाही."

"मग याची तपासणी का केली नाही?"

"आम्ही जे विकतो तेच तपासतो. एकेका फोनला आठवडे लागतात, म्हणतात."

"आणि तुमच्याकडे बोलताच येणार नाही तर फोन बनवणाऱ्यानं ती सोय त्यात घातलीच कशाला?"

त्यानं माझ्या डोक्यावरच्या पांढऱ्या फडक्याकडे बघितलं. "तुम्ही प्रार्थनाघरातल्या ना? माझी आजीही होती. तुमच्या गाण्यांच्या पुस्तकात गाणी किती?"

"आठशेच्या वर."

"तुम्ही म्हणता किती?"

"साठ-सत्तर."

"बाकीची का छापली?"

"पुस्तक काय एकट्या शातोबेलेरसाठी छापतात?"

"तसंच आहे. फोन बनवणाऱ्याला ठाऊक नसतं की हा ब्रुकलिनला राहील की पिंपात बसून इथे येईल. शंभर देशांसाठी शंभर साचे करण्यापेक्षा तो एकच करतो आणि त्यात सगळं घालतो. मग जिथे जी कंपनी जे उघडेल ते चालतं. समोरच्या दुसऱ्या कंपनीनं हा फोन उघडलाय. तिचं सिम घाला, आत्ता बोलेल."

मला समजलं. आणि समजल्यावर माझ्या अंगाची जी आग झाली, ती आधी झाली नव्हती.

"तुझं पुस्तकाचं ठीक आहे, बाबा," मी म्हटलं, "पण आमच्याकडे कुणी कधी न म्हटलेलं गाणं उचललं, तर दारात माणूस उभा करून आम्ही त्याचं तोंड दाबत नाही. आणि वर तुझाच गळा खराब आहे, आमच्याकडून नवीन घे, असं सांगत नाही."

आवाज ऐकून साहेब आतून आले होते, टाय लावलेले.

"मॅडम, कंपनीनं सर्वांना आगाऊ सूचना पाठवली होती."

"सूचनेत लिहिलं होतं, जुने फोन बंद पडतील. ज्याचा नवा त्यानं काय समजायचं?"

"तांत्रिक बाबी..."

"तांत्रिक नाही. डोंगरावर माझी मदर तीन आठवडे अंथरुणात बसून आपलं पाप शोधतेय. तिला वाटतंय देवानं तिचं तोंड बांधलं. तिनं मेलेल्या पोस्टमास्तरच्या मुलाची माफी मागितली, साहेब. मला एका कागदावर लिहून द्या: फोन चांगला आहे, बाई चांगली आहे, दार आम्ही लावलंय. सही करा."

"असं लेखी देता येत नाही."

"कुणाला देता येतं?"

"कुणालाच."

रांगेतलं कुणी हसलं, पण ते हसणं साहेबांना लागेल असं होतं. साहेब आत गेले. मी ऑस्रिककडे वळले. "तू मला जे सांगितलंस ते तिला येऊन सांग. माझं तिला पटणार नाही, मी तिची लाडकी आहे. तू कंपनीचा आहेस."

"माझी नोकरी, ताई."

"तुझी आजी असती तर काय म्हणाली असती?"

त्यानं चष्मा काढून पुसला. "उद्या सुट्टी आहे," तो म्हणाला.

शनिवारी तो दुपारच्या व्हॅननं आला. दुसऱ्या कंपनीचं सिम मी घेऊन ठेवलं होतं. ते खिशात घालून डोंगर चढताना तो म्हणाला, "मला कुणी बघितलं तर शत्रूचा माल वाहतोय म्हणतील." मी हसले नाही. माझा राग अजून उतरला नव्हता.

पलंगाशेजारी बसून त्यानं मदरला सगळं सांगितलं. टॉवर, यादी, तपासणी, काही लपवलं नाही. मदर डोळे मिटून ऐकत होती. तो थांबल्यावर तिनं विचारलं, "म्हणजे देवाचा यात काही संबंध नव्हता?"

"नाही, मदर. आमच्या साहेबांचा होता."

मला वाटलं ती आता रडेल, नाहीतर हसेल. तिनं डोळे उघडले आणि ते माझ्यावर रोखले.

"हा माणूस किती दिवसांपूर्वी सापडला असता, वेल्डा?"

"मदर?"

"कचेरी तीन आठवड्यांपूर्वीही तिथेच होती ना? तू दर शुक्रवारी तिच्यासमोरून जातेस. तुला पाय होते. थेरॉनला पाय होते. माझा हा खुबा आणि तुम्हा साठ जणांचे एकशेवीस पाय. मी म्हातारी, भ्याले, चुकले. पण तुमच्यातल्या एकानंही म्हटलं नाही की थांब, मदर, आधी विचारून येऊ. खूण म्हणालात आणि आमेन म्हणालात."

मी मान खाली घातली.

"साहेबानं दार लावलं, ते खरं," ती म्हणाली. "कडी तुम्ही घातलीत. घाल रे ते सिम."

ऑस्रिकनं सिम बदललं. तिनं पहिला फोन ऑडेलला लावला आणि ऑडेल काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, कारण मी बाहेर ओट्यावर जाऊन बसले होते.

रविवारी दहाला टेबलफोन वाजला. थेरॉननं उचलून कर्ण्याला लावला. नमस्कार नाही, आशीर्वाद नाही, मदरनं थेट ओळ उचलली. ओळ द्वारपालांवर होती: जे स्वतः आत जात नाहीत आणि जाणाऱ्याला वाट देत नाहीत. मी बावीस वर्षांच्या सवयीनं तोंड उघडलं.

"तू नाही, वेल्डा," कर्ण्यातून आवाज आला. "थेरॉन, उत्तर दे."

थेरॉनला गाता येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, तिलाही. पण तो उभा राहिला आणि त्यानं ती ओळ परत म्हटली, फाटक्या आवाजात, शेवटपर्यंत. दुसरी ओळ कॅलिस्टसच्या नावावर आली. मग मदरच्या नणंदेच्या. मग एकेक नाव. कुणाचा सूर लागला, कुणाचा नाही, पण कुणी सुटलं नाही. ओळ पुढच्याकडे जाताना बाकावर बसलेला माणूस आधीच घसा खाकरत होता.

सर्वांत शेवटी तिनं माझं नाव घेतलं. तोवर मला रडू कोसळलं होतं आणि रागही तेवढाच होता, कंपनीवर, साहेबावर, आणि त्या माझ्या आमेनवर. आवाज फुटेना. तिनं तीच ओळ पुन्हा उचलली, आणि मी उत्तर देईपर्यंत ती उचलतच राहिली.