वसंतकोपरा

थंडी सरली, पंखे फिरायला लागले, की आमच्या इमारतीच्या अंगात येतं. बाहेरची झाडं बिचारी आपापली पानं गुपचूप बदलतात, कुणाला बोलावून दाखवत बसत नाहीत. आमच्याकडे मात्र 'बहर' नावाची स्पर्धा असते. ज्याने त्याने आपलं घर नव्याने सजवायचं, एका रविवारी दारं सताड उघडी टाकायची, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी चपला काढून आपल्या झोपायच्या खोलीपर्यंत फिरून यायचं. एरवी ज्यांच्याशी आपण उंबरठ्यावरूनच बोलतो, ती माणसं त्या दिवशी कपाटामागेही डोकावतात. मग शेजारच्या इमारतीतले परीक्षक येतात आणि मार्क देतात.

मार्क सुंदर घराला नसतात हं, फरकाला असतात. आधी काय होतं आणि आता काय झालं. म्हणजे आधीचं जितकं भिकार सांगाल तितकं भलं. गेल्या वर्षी समोरचीनं परीक्षकांपुढे डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, "आमचा हॉल म्हणजे नुसता गोठा होता हो." त्या गोठ्यात बसून मी कितीदा चहा प्यायलेय. चांगला होता की हॉल! पण पहिला नंबर तिचा आला, आणि आमच्या ह्यांच्या नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या त्या वर्षभर काही उतरल्या नाहीत.

आमचे हे कारखान्यात मालाची तपासणी करायचे. जन्मभर दुसऱ्यांच्या कामात खोट काढली. निवृत्त झाले आणि खोट काढायला समोर उरलं काय, तर घर आणि मी. मी दाद देत नाही म्हटल्यावर ते घराच्या मागे लागले.

माझा जीव मात्र यंदा वेगळ्याच गोष्टीसाठी टांगणीला लागला होता. आमची एकुलती एक लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली. फोन केला की "छान चाललंय" म्हणायची, ते इतकं छान असायचं की मला खरं वाटायचं नाही. मग एक दिवस फोनवर रडली. "आई, मला इथं नाही राहायचं. नवरा मारत नाही, शिव्या देत नाही, पण मी घरात आहे हेच त्याच्या लक्षात नसतं. बाबांना इतक्यात सांगू नकोस, मीच येऊन नीट सांगेन." फोन ठेवता ठेवता तिनं विचारलं, "माझी खोली आहे ना गं तशीच?"

मी म्हटलं, "आहे. खोली कुठं जातेय?"

कुठं जातेय! मामा-भाचीच्या मनात असेल तिथं जात होती.

भाची म्हणजे ह्यांच्या बहिणीची मुलगी. तिनं घरसजावटीचा कोर्स केलाय, मोबाइलवरच. तेव्हापासून कुठलीही भिंत दिसली की ती डोळे बारीक करून मागे मागे सरकते. आल्या आल्या म्हणाली, "मामी, तुमच्या घराला श्वासच नाहीये."

"आम्ही घेतोय तेवढा पुरतो," मी म्हटलं.

पण ह्यांनी तिला मोकळं रान दिलं होतं. माझे चांगले जाड पडदे उतरले आणि पिस्ता रंगाचे असे पडदे लागले की समोरचीला आमच्या ताटात काय वाढलंय ते दिसावं. सोफ्याची पाठ टीव्हीकडे झाली, का, तर संवाद वाढतो. वाढला की! "टीव्ही दिसत नाही" एवढं एकच वाक्य आम्ही दिवसभर एकमेकांना म्हणायला लागलो. कोपऱ्यात उंच बरणीत वाळकी फांदी आली, तिला पांढरा रंग फासलेला. घरात वसंत यावा म्हणून मेलेलं झाड आणून ठेवायचं, ही अक्कल कोर्स केल्याशिवाय येत नाही.

हे सगळं मी गिळलं. मग स्वारी लेकीच्या खोलीकडे वळली.

"त्या खोलीला हात लावायचा नाही," मी सांगितलं.

"का? रिकामीच तर पडलीय," हे म्हणाले. "तिथं आपण वसंतकोपरा करतोय. वेताचा टांगता झोपाळा, खाली गवताची चटई, भिंतीवर फुलपाखरं."

"आणि लेक आली म्हणजे?"

"आली तर झोपेल हॉलमध्ये. दोन दिवसांसाठी येते, ती काय परकी आहे?"

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण पोरीला शब्द दिलेला. मी आदळआपट केली, एक वेळचा स्वयंपाक केला नाही, त्यावर मामा-भाचीनं बाहेरून मागवून खाल्लं आणि म्हणाले, छान होतं. त्यांच्यापुढे डोकं आपटून माझंच कपाळ फुटायचं.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून आले तर लेकीच्या खोलीत हे स्टुलावर उभे राहून फोटो काढत होते. आत पाहिलं आणि माझ्या हातातली पिशवीच सुटली. तिच्या पलंगावर, तिच्या निळ्या रजईवर, गळक्या बादल्या, मोडका पंखा, रद्दीचे गठ्ठे आणि एक फुटका कमोड.

"हे काय चाललंय?"

"मामी, 'आधी'चा फोटो लागतो ना," भाची म्हणाली. "खोली फार नीटनेटकी होती. फरकच दिसेना."

आमच्या घरात पुरेशी अडगळ नव्हती म्हणून ह्यांनी चक्क खालच्या मजल्यावरून ती उसनी आणली होती. कमोड दातांच्या डॉक्टरांचा. काय म्हणावं या कर्माला! फोटो झाला, अडगळ ज्याची त्याला परत गेली, पलंग सुटा करून गच्चीवरच्या खोलीत गेला, आणि फोटो मोठा करून लेकीच्या दारावर चिकटला. मी मनाशी म्हटलं, रविवार एकदा उलटू दे, सोमवारी पलंग खाली आणते. ती काही लगेच येत नाही.

रविवारी सकाळपासून रीघ लागली. मी स्वयंपाकघरात सरबताचे ग्लास भरत होते आणि बाहेर हे कारखाना दाखवल्यासारखे लोकांना फिरवत होते. आवाज असा लागलेला की खालच्या मजल्यावरही मार्क पडावेत.

"आता ही खोली बघा. फोटो बघा आधी. नुसती अडगळ होती! कुणी पाऊल टाकत नव्हतं. घरात जे जे नकोसं झालं ते ते वर्षानुवर्षं आम्ही इथं आणून टाकलं."

लोक चुकचुकले. मी ट्रे घेऊन बाहेर आले, आणि गर्दीच्या पाठीमागे लेक उभी दिसली. दार उघडंच होतं, सगळ्यांसारखी चपला काढून आत आली होती. एका हातात मोठी बॅग, काखेत उशी. दारावरच्या फोटोकडे बघत होती. रजई ओळखली असणार, तिनंच निवडून आणलेली.

मी ट्रे तिथंच टेकवला आणि तिच्याकडे निघाले.

पण दातांच्या डॉक्टरांच्या बायकोनं तिला आधी गाठलं. "अगंबाई, तू! प्रदर्शन बघायला मुद्दाम आलीस होय?"

"हो," लेक म्हणाली. "छान झालंय, बाबा."

"बघ! मी हिला म्हणतच होतो, पोरीला आवडणार," हे खुशीत आले. मग त्यांची नजर त्या उशीवर गेली आणि तिथंच अडकली. जन्म तपासणीत घालवलेला माणूस तो. दोन दिवसांसाठी कुणी उशी घेऊन येत नाही, एवढं त्यांना कळलं.

"किती दिवस आहेस?" त्यांनी हळूच विचारलं.

"मी परत जाणार नाहीये, बाबा. नीट बसून सांगणार होते." तिनं बसायला जागा शोधली. खोलीत एक झोपाळा होता, आणि त्याला भाचीनं चिठ्ठी बांधली होती, 'कृपया बसू नये'.

ते बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. "चला, झालं बघून सगळ्यांचं! निघा!" मी ओरडले. सरबत प्या न प्या, ग्लास ठेवा आणि व्हा बाहेर. समोरची अजून रेंगाळत होती, तिला मी खांद्याला धरून दारापर्यंत पोचवली.

"मामी, परीक्षक जिना चढतायत!" भाची रडकुंडीला आली.

"चढू देत. तू आधी ती फुलपाखरं काढ."

हे मात्र हलले नाहीत. "तुला माहीत होतं?" त्यांनी मला विचारलं.

"होतं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"कधी सांगणार? तुम्ही खालच्या मजल्यावर कमोड आणायला गेला होतात."

बोलले आणि मलाच वाईट वाटलं, कारण त्यांचा चेहरा बघवेना. ते वर गेले आणि गच्चीवरून गादी एकट्यानं ओढत खाली आणली. झोपाळा काढला, गादी घातली, वरची धूळ हातानंच झटकली. लेक म्हणाली, "राहू दे हो बाबा." ते म्हणाले, "तू पड जरा." ती आपली उशी घेऊन कुशीवर वळली आणि आम्हा दोघांकडे पाठ करून रडायला लागली. ह्यांनी दार ओढून घेतलं. दारावरचा फोटो त्यांनी नखांनी खरवडून काढला, तो तुकड्यातुकड्यानं निघाला.

तेवढ्यात परीक्षक आलेच. पडदे बघितले, वाळक्या फांदीला "वा वा" म्हणाले, आणि मग त्यांच्यातल्या मोठ्या बाई बंद दाराकडे वळल्या. "वसंतकोपरा इथंच ना?"

हे दाराला पाठ लावून उभे राहिले. "इथं काही नाही."

"अहो, असं कसं? निदान सांगा तरी. आधी काय होतं या खोलीत?"

"माझी मुलगी," हे म्हणाले.

"बरं. आणि आता?"

"आताही तीच आहे. दमून आलीय. तुम्ही जरा हळू बोला."