मधल्या किमतीचं कार्ड

पिंटूने काउंटरखालून खोका काढून हिरासिंग राठोडांच्या पुढ्यात ठेवला. खोक्यावर चिकटपट्टी आधीच लावलेली होती.

"घ्या काका. बिल पण बनवून ठेवलं."

हिरासिंगांनी चष्मा वर सरकवला आणि खोका फिरवून मागची बाजू वाचली.

"हे आठ जीबीचं आहे. मी तर अजून तुले काही सांगतलंच नाही."

"प्रेमभाऊचा फोन आलता ना सकाळी. तुमचं काम यात होऊन जाते म्हणे."

नेरच्या शाळेत हिरासिंगांनी भूगोल शिकवला होता. निवृत्तीनंतर त्यांनी संगणकावर विमान उडवायला सुरुवात केली. टेबलाला जॉयस्टिक बसवली आणि हळूहळू उड्डाण, उंची, वारा, उतरण हे सगळं शिकून घेतलं. नवं सिम्युलेटर घातल्यापासून मात्र एक अडचण येत होती. विमान शहरावर उतरू लागलं, की खालच्या इमारती अडकत अडकत उमटत आणि ऐन धावपट्टीपाशी चित्र गोठून बसे. महिनाभर त्यांनी व्हिडिओ पाहिले, लोकांचे अनुभव वाचले आणि मनाशी पक्कं केलं. फार महागडं ग्राफिक्स कार्ड नको. त्यांच्या संगणकाचा पॉवर सप्लाय ते पेलणार नाही. स्वस्तातलंही नको, मेमरी पुन्हा कमी पडेल. मधलं, बारा जीबीचं, दोन पंख्यांचं. ते घ्यायलाच ते पत्नी सुखीबाईंना घेऊन यवतमाळला आले होते. सुखीबाई दुकानातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर पिशवी मांडीत धरून बसल्या होत्या.

"मले बारावालं पाह्यजे," हिरासिंग म्हणाले.

"गेम खेळाले आठ लय झाले, काका. याले लाइटी पण आहेत. पाहा, कसे रंग बदलते."

"मी गेम खेळत नाही."

"बरं, विमान तर विमान." पिंटू हसला आणि मोबाइल कानाला लावला. "थांबा, प्रेमभाऊलेच विचारून घेऊ."

"त्याले कायले विचारतं? कार्ड त्याच्या घरी लागणार आहे काय?"

पण तिकडून फोन उचलला गेला होता. पिंटूने स्पीकर चालू करून मोबाइल काउंटरवर ठेवला. पुण्याहून प्रेमचा घाईतला आवाज दुकानभर पसरला.

"बाबा, ऐका ना. जास्त डोकं नका लावू. मी सगळं पाहून सांगतलं त्याले. तुमच्या टाइमपासशी मतलब आहे न? त्याले हे बस आहे."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यातला एकजण माउस हातात घेऊन बघत होता; तो माउस खाली न ठेवता तसाच ऐकत राहिला. हिरासिंगांची कानशिलं तापली. शाळेत कुणी खोडी काढली, की ते आवाज चढवत नसत, उलट खाली आणत. तोच आवाज आता निघाला.

"तू काय पाहून सांगतलं, प्रेम? मी कोणतं विमान उडवतो, माहीत आहे तुले? माझ्या मॉनिटरवर काय दिसते, कुठं अटकते, विचारलं कधी?"

"बाबा, तुम्ही कायले चिडून राह्यले? तुमच्याच भल्याचं..."

"ठेव फोन."

त्यांनी स्वतःच बोट टेकवून फोन बंद केला. मग खोका दोन्ही हातांनी पिंटूकडे सरकवला.

"बारा जीबीचं काढ. आणि बिलावर नाव माझं टाक. पूर्ण नाव."

पिंटूने शिडी लावली.

नेरच्या बसमध्ये खिडकीची जागा सुखीबाईंना मिळाली. हिरासिंग खोका मांडीवर घेऊन बसले, पण राग काही बसेना.

"टाइमपास म्हणते. एवढा शिकला, तर बापाले एक शब्द विचारता येत नाही? ह्यांना वाटते, म्हाताऱ्याले काय समजते. आपण ठरवाचं आन त्यानं मान हलवाची. मी काय सामान आहे घरातलं? इथून उचललं, तिथं ठेवलं?"

"न विचारता ठरवलं, म्हणून राग आला तुम्हाले," सुखीबाई म्हणाल्या.

"येईनच. कोणालेही येईन."

"हो," त्या म्हणाल्या आणि बाहेर बघू लागल्या. रस्त्याकडेला कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीची शेतं मागे पडत होती.

घरी पोचल्यावर त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. कॅबिनेट उघडलं, जुनं कार्ड काढलं, नवं खाचेत दाबून बसवलं, स्क्रू पिळले. पडद्यावर नागपूरची धावपट्टी उमटली. विमान उठलं आणि पश्चिमेकडे वळलं. वाटेतला वेळ त्यांनी पटकन पुढे सरकवला. पुण्याची घरं खाली दिसू लागली, तसा त्यांनी श्वास रोखला. एकही इमारत अडकली नाही. चाकं टेकली, विमान सरळ रेषेत पळून थांबलं.

"पाह्यलं?" ते मान न वळवता म्हणाले. "मी सांगत होतो तेच झालं. बारा म्हणजे बाराच लागत होते."

सुखीबाई चहाचा कप घेऊन मागे उभ्या होत्या. त्यांनी कप टेबलावर ठेवला.

"आज बी पुण्यालेच गेले?"

"मंग? तिथली धावपट्टी चांगली आहे. सराव होते."

"मले कुठं जाचं, ते कधी विचारलं नाही तुम्ही."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. वरणात मीठ कमी आहे, असं सांगावं तसं त्या बोलल्या. हिरासिंगांचा हात जॉयस्टिकवरच राहिला. उठून त्यांनी आपली खुर्ची सुखीबाईंकडे वळवली आणि स्वतःसाठी स्टूल ओढलं.

"सांग. कुठं जाचं?"

"माहेरी. आमच्या तांड्यावर, फुलसावंगीले."

"तिथं धावपट्टी नाही. उतरता नाही येणार."

"उतराचं कोणाले आहे? वरून पाहू."

त्यांनी नकाशा उघडला आणि महागाव तालुका मोठा केला. फुलसावंगी सापडली. नकाशावर तिच्या भोवती सगळीकडे हिरवं आणि तपकिरी, तांड्याचं नाव कुठेच नाही. त्यांनी माउसचा बाण गावाच्या एका बाजूने नेला, तिथून दुसऱ्या बाजूला. सासुरवाडीला ते नेहमी बसने जात. स्टँडवर मेव्हणा गाडी घेऊन येई आणि ते मागे बसत; वाट त्यांनी कधी विचारली नव्हती.

"तांडा गावाच्या कोणत्या अंगाले येते?" त्यांनी विचारलं.

सुखीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पदराला हात पुसून, माउस आपल्याकडे ओढत त्या म्हणाल्या,

"सरका तिकडं."