अर्धा चमचा

"थांब रे, गाडी सुटत नाहीये तुझी," म्हणत काटेमावशींनी काट्यावरून मांसाचा एक तुकडा उचलला. आकडा फारच खाली आला. त्यांनी तुकड्याचे दोन केले, एक परत ठेवला आणि आकडा जागेवर आल्यावर समाधानाने मान हलवली, जणू कुणी शहाण्यासारखं उत्तर दिलं होतं.

ढग स्वयंपाकघराच्या दाराशी बसला होता, पुढचे पंजे उंबऱ्याच्या बरोबर अलीकडे. करड्या, दाट केसांचं मोठं धूड. खिडकीची काच दुधी होती, त्यामुळे सकाळचं ऊन आत यायचं तेच विरघळून, आणि या वेळेला ओटा, भांडी, कुत्रा, सगळंच थोडं पाण्याखाली असल्यासारखं दिसायचं. मावशींना हा तास फार आवडायचा. हात आपोआप चालायचे. मांस, हृदयाचे तुकडे, कलेजीची एक फोड, किसलेला भोपळा. मन कुठेतरी लांब तरंगत असायचं आणि परत यायचं तेव्हा वाडगं तयार असायचं.

काटे हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात त्यांनी एकतीस वर्षं रोग्यांचं पथ्याचं जेवण रांधलं होतं, आणि समोर काटा असल्याशिवाय उकडलेला बटाटासुद्धा कुणाच्या ताटात जाऊ दिला नव्हता. म्हणून काटेमावशी. नव्या नर्सा फसायच्या. "तुमचे मिस्टरही काटेच का?" असं एकीने विचारलं, तर मावशी म्हणाल्या होत्या, "नाही गं, ते अगदी गुळगुळीत आहेत."

निवृत्तीच्या दिवशी इस्पितळाच्या धोबीखान्यामागचं एक पिल्लू त्यांच्यामागोमाग घरी आलं. तोच हा ढग. बिस्किटांच्या खाण्याने त्याचं पोट बिघडायचं, तेव्हा एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी कच्च्या खाण्याचं प्रमाण कागदावर लिहून दिलं. नऊ वर्षं तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटलेला होता आणि नऊ वर्षं मावशी ढगासाठी रोज ताजं कालवत होत्या. मध्यंतरी लेकीने दुकानातून तयार मिळणारं गोठवलेलं पाकीट आणलं होतं. मावशींनी ते दोन बोटांत धरून बघितलं.

"ही बर्फाची वीट कुणी कालवली? त्याचं तोंड तरी पाहिलंय का आपण?"

"कारखान्यात कालवली असेल, आई."

"मग कारखान्यालाच खाऊ दे."

पाकीट शेजारच्यांच्या कुत्रीला गेलं आणि विषय संपला.

आज मावशींनी वाडगं खाली ठेवलं तसा ढग उठायला गेला. मागचा उजवा पाय फरशीवरून सरकला आणि त्याने बसकण मारली. तो ओरडला नाही. नुसतं त्यांच्याकडे बघितलं, चूक आपलीच असल्यासारखं. या आठवड्यातली ही तिसरी वेळ.

लेक खालच्याच मजल्यावर राहायची आणि चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायची. कामावर जाण्याआधी ती रोज वर डोकवायची. तिने ढगाला पडलेलं बघितलं आणि खांद्यावरची पर्स काढून ठेवली. "आज दाखवूयाच याला. मी दुकानात कळवते."

जनावरांच्या डॉक्टरीणबाई वयाने लेकीपेक्षाही लहान होत्या. त्यांनी एक्स-रे पडद्यावर लावला आणि मागच्या पायाच्या हाडावर पेन टेकवलं.

"हाडं कशी ठसठशीत दिसायला हवीत," त्या म्हणाल्या. "ही बघा. धुक्यातल्यासारखी दिसतायत. याला खायला काय घालता?"

मावशी खुर्चीत ताठ झाल्या. येत असलेलाच प्रश्न परीक्षेत यावा तसं झालं. त्यांनी मांसापासून भोपळ्यापर्यंत सगळं वजनासकट सांगितलं. "आणि अर्ध्या किलोला अर्धा चमचा अंड्याच्या टरफलांची पूड. मीच टरफलं वाळवते, भाजते, दळते. हाडांसाठी."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "घरचं कच्चं घालणारे बरेच जण नुसतं मांस देतात. ही पूड कुणाच्या ध्यानात येत नाही. तुमचं प्रमाण अगदी बरोबर आहे, मावशी."

"मग?"

"मग हाडं अशी दिसायला नकोत. बाकी तपासण्या ठीक आहेत, म्हणजे कॅल्शियम पोटातच जात नाहीये असं म्हणावं लागेल." "पूड रोज पडते ना?"

"रोज. एकतीस वर्षं रोग्यांचं पथ्य सांभाळलंय मी. मी चुकेन होय?"

लेक खिडकीबाहेर बघत होती.

डॉक्टरीणबाईंनी औषध लिहून दिलं. तूर्त तयार पाकिटांवर ठेवा, म्हणाल्या, 'संपूर्ण आहार' असं लिहिलेल्या. त्यात प्रमाण ठरलेलं असतं. पळणं, उड्या बंद. हाडं भरायला काही महिने लागतील, पण भरतील.

परतताना मावशींचे गाल फुगलेले होते. "काल शिकून आली आणि मला शिकवतेय," एवढं एकदा म्हणाल्या, आणि रिक्षात ढगाचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. लेक त्यांना दारात सोडून कामावर गेली.

घरात शिरल्या शिरल्या त्यांनी कपाट उघडलं. स्वतःलाच पुरावा दाखवायचा होता. कागद जागेवर होता. पुडीची बाटलीही जागेवर होती, चिंचोळी, काचेची, बरोबर एक महिना पुरणारी. इस्पितळातली सवय म्हणून बाटली भरली की मावशी तिच्यावर पांढरी पट्टी लावून तारीख टाकायच्या. बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. चला, परवाच भरली असेल, असं म्हणत त्यांनी पट्टी उजेडात धरली.

अक्षर त्यांचंच होतं. तारीख दहा महिन्यांपूर्वीची होती.

झाकण फिरेना. फडक्यात धरून जोर लावला तेव्हा कुठे सुटलं. आत पूड सपाट बसली होती, चमच्याचा ओरखडाही नव्हता.

मावशी स्टुलावर बसल्या. त्यांना स्पष्ट दिसत होतं. आपला हात, हातातला चमचा, त्याची कड बोटाने सारखी करणं, मग वाडग्यावर झिरमिर पडणारी ती पांढरी पूड. खोटं नव्हतं ते. पण ती सकाळ कुठली होती? त्या एकेक सकाळ उचलून बघू लागल्या. एकीत ढग उंबऱ्याएवढा होता. एकीत बाहेरच्या खोलीतून मिस्टरांचं खोकणं ऐकू येत होतं, आणि ते जाऊन सहा वर्षं झाली होती. सगळ्या सकाळींना तोच दुधी उजेड होता, त्या एकीतून दुसरीत वाहत होत्या, आणि प्रत्येकीत पूड पडत होती. फक्त आजची सकाळ, कालची, परवाची हाती लागत नव्हती. तिथे नुसतं तयार वाडगं होतं.

ढगाने येऊन हनुवटी त्यांच्या पावलावर ठेवली. त्यांनी त्याच्या मागच्या पायावरून हलकेच हात फिरवला, पोटरीपासून खुब्यापर्यंत, आणि परत. "माझ्यामुळे होय रे," त्या म्हणाल्या.

ऊन कलल्यावर लेक वर आली तेव्हा मावशी तिथेच होत्या. बाटली ओट्यावर होती.

"तुला ठाऊक होतं?"

लेकीने पट्टी वाचली. "टरफलं कचऱ्यात दिसायची. आधी तू धुऊन ठेवायचीस. मला वाटलं, विकतची पूड आणायला लागलीस."

"मग विचारलं नाहीस?"

"विचारलं होतं, आई. दोनदा."

मावशींनी आठवून पाहिलं. काही आलं नाही. "मी काय म्हणाले?"

"म्हणालीस, मी चुकेन होय."

मावशींनी पदराने ओट्याची कड पुसली, ती स्वच्छच होती, आणि म्हणाल्या, "उद्या मी दुकानात जाते. तू नको येऊस. पाकीट मी निवडणार."

दुकानदाराने फ्रीजर उघडून दिला आणि त्याची चांगलीच तारांबळ उडाली. मावशींनी भिंग बरोबर नेलं होतं. त्यांनी एकेक पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचायला सुरुवात केली. "यात हाड दळलेलं आहे का पूड मिसळलीय?" "कलेजी किती?" "हे मोठ्या कुत्र्याचं का पिल्लाचं?" दुकानदार डोकं खाजवत म्हणाला, "मावशी, इतकं कुणी विचारत नाही हो." "विचारायला हवं," मावशी म्हणाल्या. शेवटी तोही चष्मा लावून त्यांच्याबरोबर वाचायला लागला. तिसऱ्या पाकिटावर दोघांचं एकमत झालं.

रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवल्यावर सकाळपर्यंत वीट मऊ झाली. मावशींनी ती वाडग्यात घातली. सगळं एकसारखं, गुलाबी, कशाला काही आकार नाही. ढगाने हुंगलं आणि मान वर करून त्यांच्याकडे बघत राहिला.

"जेव ना."

ढग हलला नाही. मावशी खाली बसल्या, बाही वर केली आणि वाडग्यात हात घालून ते बोटांनी सावकाश मोकळं करू लागल्या. वीट मोडली, गार गोळे सुटे झाले. मग ढगाने तोंड घातलं.

"चमच्याने करायचं की," दारातून लेक म्हणाली.

"त्याला कुणीतरी कालवलेलं लागतं." मावशी साबणाने हात धूत राहिल्या, कोपरापर्यंत, जुन्या सवयीने. पाणी बंद न करताच म्हणाल्या, "मलाही एकदा दाखवून आणू या. तुला जमेल त्या दिवशी."

लेक म्हणाली, "मंगळवारी जाऊ."

"मंगळवार. लिहून ठेव." आणि नळ बंद करून, "म्हणजे, तू लिहून ठेव."

त्या मंगळवारी आणि नंतरच्या दोन मंगळवारी मावशींनी पुष्कळ प्रश्नांची उत्तरं दिली. घड्याळाचं चित्र काढलं, पाच शब्द ऐकले आणि त्यातले दोन परत सांगितले. डॉक्टरांनी जे नाव सांगितलं ते त्यांना माहीत होतं. तसल्या रोग्यांचं जेवण त्यांनी खूपदा वाढलं होतं. हळूहळू होईल, डॉक्टर म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या. ढगाचा पाय पावसाळा संपता संपता फरशीवर टिकायला लागला, आणि डॉक्टरीणबाईंनी त्याला सकाळी दहा मिनिटं सावकाश चालवायला सांगितलं.

वीट मोडायला दोन मिनिटं पुरायची. सकाळचा बाकीचा तास मावशींच्या हातात रिकामा राहायचा. त्या तो घेऊन खाली उतरू लागल्या. लेकीने ढगाच्या पट्ट्याला एक पितळी बिल्ला लावला होता, त्यावर घराचा पत्ता आणि तिचा नंबर. "कुत्रा आहे, कधी हातातून सुटला तर," ती म्हणाली होती. मावशींनी बिल्ला नीट वाचला, उलटा करून बघितला, आणि ढगाच्या गळ्यातला पट्टा सरळ केला.

इतकी वर्षं या तासाला त्या कुठल्या ना कुठल्या स्वयंपाकघरात होत्या, त्यामुळे ही वेळ रस्त्यावर कशी असते हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. धुकं घरांच्या कमरेपर्यंत होतं. एक बाई गच्चीवर ओली चादर झटकत होती, झटकल्याचा आवाज चादर हलून गेल्यावर यायचा. सायकलवरून पेपरवाला गेला आणि सायकल आधी नाहीशी झाली, मग तो. ढग थांबेल तिथे मावशी थांबत होत्या.

पुढे रस्त्याला दोन फाटे होते. दोन्हीकडे तशीच झाडं, तशीच फाटकं, तोच उजेड. मावशी उभ्या राहिल्या. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. ढगाने नाक वर केलं, थोडा विचार केला आणि एक पाय किंचित जपून टाकत डावीकडे वळला.

मावशींनी दोरी सैल सोडली, खांद्यावरचा पदर सारखा केला, आणि फिरायला निघालेल्या बाईसारख्या ऐटीत त्याच्यामागून चालू लागल्या.