बिचारीच्या नवऱ्याचं घोरणं

उशांच्या कंपनीत मार्केटिंग करणाऱ्या माणसाला लोक उशीवाला म्हणणार, नाहीतर काय म्हणणार? आपल्या उशीवाल्याला ते मुळीच आवडत नसे. व्हिजिटिंग कार्डावर त्याचा हुद्दा चांगला दोन ओळींचा होता. पण ऑफिसातल्या हिशेबनीस बाईंपासून घरी बायकोपर्यंत सगळे त्याला उशीवालाच म्हणत, आणि एकदा तर त्याने स्वतःच फोन उचलून "हं, उशीवाला बोलतोय" असं सांगून टाकलं होतं.

तर कंपनीने नवी उशी काढली. हिच्यावर डोकं ठेवलं की माणूस घोरत नाही, असं कंपनीचं म्हणणं. मधे एक खळगा, दोन्ही बाजूंना उंचवटे आणि वर निळा अभ्रा. मोठे साहेब कुठलंसं व्याख्यान ऐकून आले होते, आणि व्याख्यान ऐकून आलेल्या साहेबाइतका धोका धंद्याला दुसऱ्या कशाचा नाही.

"आता जाहिराती कोण बघतं?" साहेब म्हणाले. "इंटरनेटवर लोकांचे घोळके असतात. त्यांच्यात मिसळा. त्यांच्यातले होऊन बसा, आणि मग हळूच उशी पुढे करा."

"हळूच म्हणजे किती हळू, साहेब?"

"महिनाअखेर."

उशीवाल्याने शोध घेतला आणि त्याला घबाडच सापडलं. 'जागी आहे मी' नावाचा एक ब्लॉग होता. तो चालवणाऱ्या बाई निवृत्त नर्स, आणि सगळ्या त्यांना आक्का म्हणत. जन्मभर रात्रपाळ्या केल्या, आता घरी निवांत झोपू, म्हणून त्या निवृत्त झाल्या तर शेजारी नवरा घोरायला टपलेलाच. तेव्हापासून त्या लिहीत होत्या. प्रत्येक लेखाखाली घोरणाऱ्यांच्या बायकांची जत्रा भरायची. ब्लॉगचे नियम ठसठशीत अक्षरांत वर लिहिलेले होते: पुरुषांना प्रवेश नाही आणि विक्रेत्यांना तर अजिबात नाही. उशीवाला दोन्ही होता. म्हणून त्याने 'बिचारी' हे नाव घेतलं आणि आत शिरला.

सुरुवातीला तो कामापुरतं वाचत होता. मग त्याला चटकच लागली. आक्का लिहायच्या झकास, आणि खालच्या कमेंटींमध्ये तर एकेक वल्ली होती. 'कापूसकानी' नावाची बाई नवऱ्याचं घोरणं बंद पडलं की दचकून उठायची. 'तिसरी उशी' ही दोघांच्या मधे उशी उभी करून झोपायची आणि सकाळी ती उशी नवऱ्याने पोटाशी धरलेली असायची. उशीवाला चहा पिताना वाचायचा, जेवताना वाचायचा, साहेबांच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली धरून वाचायचा. बिचारीच्या नावाने त्याने एक नवराही रचला. हट्टी, गोलमटोल आणि आपण घोरतो हे कधीही कबूल न करणारा. हे सुचायला त्याला काही कष्ट पडले नाहीत, आणि का पडले नाहीत, हा विचार त्याच्या मनाला शिवलाही नाही.

कारण आपला उशीवाला घोरत नव्हता. म्हणजे असं त्याचं मत होतं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी बायकोने "तू घोरतोस रे" म्हटलं, तेव्हा तो दोन दिवस फुरंगटून बसला होता. पुन्हा तिने विषय काढला नाही. हल्ली ती हॉलमध्ये सोफ्यावर झोपायची. गादीने पाठ धरते, म्हणाली होती. त्यावर उशीवाल्याने कंपनीच्या सवलतीत कडक गादी आणली. मग अजून कडक आणली. बायको सोफ्यावरच राहिली, आणि उशीवाला त्या दोन गाद्यांवर एकटा ऐसपैस पसरायला लागला.

ब्लॉगवर त्याची सगळ्यात जास्त गट्टी जमली ती 'सोफेकर' नावाच्या बाईशी. त्या मंडळात निम्म्या बाया सोफ्यावर झोपत होत्या, त्यामुळे नावाने त्याच्या डोक्यात काहीच वाजलं नाही. सोफेकर कमी लिहायची, पण लिहायची ते काळजाला लागायचं. बिचारीने तिला एकदा सहज विचारलं होतं, "आज झोप झाली का गं?" तेव्हापासून ती बिचारीला खासगीत निरोप पाठवू लागली. आईच्या आजारपणाबद्दल, नोकरीबद्दल, असंच काहीबाही. आणि एकदा तिने लिहिलं, "खरं सांगू? आता मला त्या आवाजाची सवय झाली आहे. मी बाहेर झोपते ती, का झोपतेस असं तो कधीतरी विचारेल म्हणून. तो गाद्या आणतो."

बिचारीने तत्काळ उत्तर दिलं होतं, "काही पुरुषांना तेवढी अक्कलच नसते गं. तू मनाला लावून घेऊ नकोस."

हे लिहून उशीवाला आपल्या समजूतदारपणावर इतका खूश झाला की त्याने तो निरोप दोनदा वाचला.

पण महिना संपत आला आणि इथेच घोडं पेंड खाऊ लागलं. कुठली वस्तू वापरून बघितली, गुण आला की नाही, हे लिहायचं पान फक्त पक्क्या सभासदांसाठी होतं. आणि पक्कं व्हायचं तर नवऱ्याच्या घोरण्याचं एक मिनिटाचं रेकॉर्डिंग द्यावं लागे. ते ऐकून बाकीच्या बाया त्याची जात ठरवायच्या: करवत, किटली किंवा ट्रॅक्टर. मगच दार उघडायचं.

उशीवाला ऑफिसच्या गोदामात गेला, दार लावून घेतलं आणि फोनसमोर बसून मन लावून घोरला. रेकॉर्डिंग ब्लॉगवर टाकलं. अर्ध्या तासात निकाल आला.

"हा माणूस जागा आहे," कापूसकानीने लिहिलं.

"घोरणारा श्वास सोडताना असा लाजत नाही," तिसरी उशी म्हणाली.

"बिचारी, बाळ," आक्कांनी लिहिलं, "तुझा नवरा तुला फसवतोय. झोपेचं सोंग घेऊन पडलेला असतो. काहीतरी लपवत असणार."

उशीवाल्याने कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर तो पुन्हा गोदामात गेला. या वेळी नमुन्याच्या नव्या उशांच्या ढिगावर रीतसर आडवा झाला, म्हणजे आवाजाला जरा वजन येईल. फोन छातीवर ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि सोंगाला सुरुवात करणार, तेवढ्यात त्याचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा फोनमध्ये लांबलचक रेकॉर्डिंग तयार होतं. सुरुवातीचं थोडं ऐकून उशीवाला चकित झाला. वाटलं, बाहेर मालाचा टेम्पो उभा असणार. पण आवाज झकास होता, दमदार होता, आणि आता चिकित्सा करत बसायला वेळ नव्हता. मधलं एक मिनिट कापून त्याने पाठवून दिलं. ते शेवटपर्यंत ऐकलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

"ट्रॅक्टर!" आक्कांनी कौल दिला. "उतारावरचा. ये गं, आत ये." अभिनंदनाचा पाऊस पडला. उशीवाल्याला शाळेत कधी बक्षीस मिळालं नव्हतं, त्याला भरून आलं.

तेवढ्यात सोफेकरचा निरोप आला. "हा आवाज कुणाचा?"

"आमच्या ह्यांचा," बिचारीने कौतुकाने लिहिलं.

"कधीचा?"

"आज दुपारचा. जेवून जरा लवंडतात ना."

"दुपारी? तुझ्याकडे?"

"मग कुणाकडे? माझ्याकडेच!"

"मधे एक शिट्टी येते आणि मग ते तीनदा ओठ वाजवतात."

"अगदी बरोबर! किती बारीक कान गं तुझा!"

यावर सोफेकर खासगीतून बाहेर आली. तिने एकदम सगळ्यांसमोर लिहिलं, "आक्का, मी तीन वर्षांपूर्वी दिलेलं रेकॉर्डिंग काढा. बिचारीचं त्याच्या शेजारी लावा. आणि बिचारीच्या रेकॉर्डिंगच्या शेवटी कोण बोलतंय, तेही ऐका."

आक्कांनी ऐकलं. सगळ्यांनीच ऐकलं. शेवटी एक बाई मायेने म्हणत होती, "कसा गाढ झोपलाय बघा, उठवावंसंही वाटत नाही."

"एकच ट्रॅक्टर," आक्कांनी लिहिलं, आणि मंडळात आग लागली.

बिचारीवर शिव्यांचा असा भडिमार झाला की उशीवाल्याला घाम फुटला. सटवी, घरबुडवी, दुसरीच्या संसारात पथारी पसरणारी! कुणीतरी तिला हाकलायची मागणी केली. पण आक्का जुन्या नर्स होत्या. "काढू नका. पळून जाईल. सोफेकर सांगेपर्यंत तिला इथेच हजर राहू दे."

उशीवाल्याला अजून काही कळेना. हिशेबनीस बाई गोदामात पावत्या शोधायला आल्या असणार, एवढं त्याने ओळखलं. पण सोफेकरचा नवरा आपल्या गोदामात कसा आला? त्याने तिचं जुनं रेकॉर्डिंग लावलं. ट्रॅक्टर सुरू झाला, चढाला लागला, शिट्टी झाली, ओठ वाजले. आणि मग झोपेत बरळणारा एक आवाज म्हणाला, "नमुने पाठवा... निळे नको, पांढरे पाठवा."

तो आवाज त्याचाच होता.

मग त्याने सोफेकरचे सगळे निरोप पहिल्यापासून पुन्हा वाचले. सासूबाईंच्या आजारपणातली तिची भीती वाचली. त्या दिवसांत आपण तिला घरी काय म्हणालो होतो, हे त्याला आठवेना, कारण तो काही म्हणालाच नव्हता. गाद्यांचं वाचलं. खाली बिचारीचं उत्तर वाचलं. काही पुरुषांना तेवढी अक्कलच नसते. त्याला स्वतःची इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती.

फोन वाजला. बायको. "लवकर घरी ये. तोंडावर विचारायचं आहे, मग मी आईकडे जाणार." तिने फोन ठेवला.

उशीवाला निघाला, तर जिना उतरताना साहेबांनी गाठलं. "झालात का पक्के? टाका आता उशीचा अभिप्राय."

"साहेब, मी त्याच उशीवर झोपलो होतो," उशीवाला म्हणाला आणि त्याने रेकॉर्डिंग ऐकवलं.

"ट्रॅक्टर कुणी लावलाय मधे?" साहेब म्हणाले. उशीवाला तोवर खालच्या मजल्यावर पोचला होता.

घरी बायको सोफ्यावर ताठ बसली होती. डोळे सुजलेले. "कोण आहे ती?"

"ती मी आहे."

"खोटं तरी धड बोल रे!"

"आईशप्पथ. बिचारी मीच. उशी खपवायला शिरलो होतो. दुपारी गोदामात झोपलो, आणि बोलल्या त्या आमच्या हिशेबनीस बाई. त्या पुढच्या महिन्यात निवृत्त होतायत."

तिने बाईंचा नंबर मागितला, स्वतः लावला. पलीकडून खणखणीत आवाज आला, "अहो वहिनी, तुम्हीच समजवा आता. रोज दुपारी हा पडतो, आणि माझी बेरीज चुकते!" बायकोने फोन ठेवला. पण अजून तिला पटत नव्हतं. "बिचारीला मी आईच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी काय लिहिलं होतं?"

"की तू जिन्यात बसून रडलीस आणि मग तोंड धुऊन घरात आलीस. आणि मी विचारलं, जेवायला काय आहे."

ते ऐकल्यावर तिचा चेहरा निवळेल असं त्याला वाटलं होतं. दुसरी बाई नाही, हे तर सिद्ध झालं होतं. पण तिचा चेहरा आणखीच पडला.

"म्हणजे ती नाहीच," बायको म्हणाली. "मला एकच तर मैत्रीण होती, रे. झोप झाली का, असं विचारणारी."

उशीवाल्याकडे प्रत्येक आक्षेपाला उत्तर असायचं, ते त्याचं कामच होतं. आत्ता तो नुसता सोफ्याच्या कडेला टेकायला गेला.

"तू आत जा," ती म्हणाली. "स्वयंपाकघरात. मला तिच्याशी बोलायचं आहे."

तो मुकाट्याने आत गेला आणि ओट्याला टेकून उभा राहिला. हातातला फोन थरथरला. सोफेकरचा निरोप होता. "बिचारी, त्याने सगळं कबूल केलं. मी राहू की जाऊ?"

उशीवाल्याने लिहिलं, "राहा गं. तो मनाने वाईट नाही." मग पुसलं. "त्याला एक संधी दे" लिहिलं, तेही पुसलं. तिचा बिचारीवर विश्वास होता. बिचारी राहा म्हणाली असती तर ती राहिलीही असती, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं. इतकं भरवशाचं गिऱ्हाईक त्याला जन्मात भेटलं नव्हतं.

शेवटी त्याने लिहिलं, "या बाबतीत माझं ऐकू नकोस. मी त्याच्या बाजूची आहे." आणि पाठवून टाकलं.

नळाखाली भांडं होतं, त्यात थेंब पडत होते. मग हॉलमधून नाक ओढल्याचा आवाज आला आणि त्याच्या पाठोपाठ हसल्याचा, तोही आवरलेला.

"ये बाहेर," ती म्हणाली. "फोन तिकडेच ठेव."